सातव्या महिन्यात गाय गाभडली, वार अडकली आहे. ब्रुसेला (गाभडवणारा संसर्गजन्य जंतू, माणसालाही लागतो) धरूनच चालायचं का?

गव्हाण_श्रीरामपूर:

नमस्कार मंडळी. संकरित एचएफ (होल्स्टीन) गाय, तिसरं वेत, सात महिने पूर्ण. काल संध्याकाळी मेलेलं वासरू टाकलं. वार अजून लोंबतेय, १८ तास होत आले. ताप १०२.२, रवंथ चालू आहे, वैरण खातेय. वारेचा बाहेर आलेला भाग नेहमीसारखा पातळ, चकचकीत नाही. जाड, पिवळट आहे आणि गाठींवर राखाडी चिकट थर आहे. त्याच दावणीला दोन गाभण गाई आहेत, एक पाच महिन्यांची, एक आठ. शिवाय दोन कालवडी, एक सहा महिन्यांची, एक चौदा.

विचारायचं असं: वार हाताने काढावी का? नुसत्या वारेच्या रंगरूपावरून ब्रुसेला म्हणता येतं का, की तपासणीच लागते आणि त्यासाठी नेमकं काय पाठवायचं? आणि बाकीच्या जनावरांचं आज, आत्ता काय करायचं?

पशुवैद्यक_माळेगाव:

दादा, आधी एकच गोष्ट. वार हाताने ओढू नका, दुसऱ्या कुणाला ओढू देऊ नका, आणि टोकाला वीट किंवा दगड बांधू नका.

गाईची वार गर्भाशयाला एका जागी चिकटलेली नसते. साधारण ७० ते १२० गाठींवर ती टिचबटणासारखी बसलेली असते: एक गाठ वासराकडची, तिच्याखाली एक आईकडची. दिवस भरत आले की ही जोडणी आपोआप सैल होते. वारेला दाह झाला की दोन्ही गाठींच्या मध्ये स्राव साकळतो, सूज येते आणि जोडणी घट्टच राहते. तुमच्या गाईचे तर दिवसही भरले नव्हते, म्हणजे सैल होण्याची तयारीच झालेली नाही. अशा वेळी ओढलं की वासराकडची गाठ सुटायच्या ऐवजी आईकडची फाटते. तिथून जंतू आणि त्यांचं विष थेट रक्तात जातं, गाईला १०५ ताप येतो आणि पुढे ती महिनोन्महिने उलटत राहते, म्हणजे भरवूनही गाभण राहत नाही. आणि हा ब्रुसेला असेल तर ओढणाऱ्याचा हात खांद्यापर्यंत त्या जंतूतच असतो.

आता करायचं काय. जाड प्लास्टिकचे लांब हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा, पायात गमबूट. लोंबणारा भाग मागच्या गुडघ्याच्या वर येईल इतका कात्रीने कापा, म्हणजे तो शेणात लोळणार नाही आणि पाय पडून ओढला जाणार नाही. त्याहून वर कापू नका. उरलेल्या भागाचं वजन वार सुटायला उपयोगी पडतं. कापलेला भाग फेकू नका, तपासणीला तोच लागणार आहे.

उरलेली वार साधारण ४ ते १० दिवसांत सडून आपोआप पडते. तोवर रोज सकाळ-संध्याकाळ ताप बघा आणि वहीत लिहा. ताप १०३ च्या वर गेला, खाणं-दूध कमी झालं किंवा पातळ, तांबूस, घाण वासाचा स्राव सुरू झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडून सेफ्टिओफर किंवा ऑक्सिटेट्रासायक्लिनचं इंजेक्शन सुरू करा. ताप नसताना उगाच प्रतिजैविक देऊ नका. गर्भाशयात गोळ्या सोडण्याची पद्धत सर्रास आहे, पण त्यांनी वार सुटत नाही. उलट वार ज्या सडण्याने सुटते तेच लांबतं, आणि औषधाचा अंश दुधात उतरतो. ऑक्सिटोसिनचा परिणाम विल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच होतो, आणि दाहाने चिकटलेल्या वारेवर त्याचा फारसा उपयोग नाही.

वार अडकली म्हणजे ब्रुसेला असं मात्र समीकरण करू नका. जुळं, अडलेलं वेत, कॅल्शियमची कमतरता, सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाची कमतरता, यांनीही वार अडकते. तुमच्याकडे शंका घट्ट होते ती तीन गोष्टी एकत्र आल्यामुळे: शेवटच्या तिमाहीतला गर्भपात, अडकलेली वार आणि गाठींवरचा तो थर.

प्रयोगशाळेतून:

रंगरूपाबद्दल. ब्रुसेलात वासराकडच्या काही गाठी मरतात, पिवळट-राखाडी होतात, वर चिकट थर येतो. गाठींच्या मधला पडदा कातड्यासारखा जाड होतो. सगळ्या गाठी सारख्या बिघडत नाहीत, चांगल्या गाठीशेजारी खराब गाठ दिसते. पण नेमकं असंच चित्र क्यू फीवर या दुसऱ्या रोगाच्या कॉक्सिएला नावाच्या जंतूनेही दिसतं. बुरशीमुळे, म्हणजे ॲस्परजिलसमुळे, वार याहूनही जाड होते, गाठींच्या कडा वर वळतात आणि वासराच्या कातडीवर कधी कधी गजकर्णासारखे चट्टे असतात. बुरसटलेला कडबा किंवा हवा लागलेला मुरघास चारला असेल तर ही शक्यता गंभीरपणे घ्या. मुरघासातून लिस्टेरिया हा गाभडवणारा जंतूही येतो. तेव्हा डोळ्यांनी संशय घ्यायचा, निदान करायचं नाही.

पाठवायचं काय: खराब दिसणाऱ्या दोन-तीन गाठी, आजूबाजूच्या पडद्यासकट, निर्जंतुक रुंद तोंडाच्या डबीत. त्याच गाठींचे बोटाच्या पेराएवढे तुकडे दुसऱ्या डबीत, १० टक्के फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रावण. या दोन डब्यांची अदलाबदल झाली की नमुना वाया जातो. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतो, मग त्यातून कल्चर होत नाही, म्हणजे जंतू वाढवून ओळखता येत नाही. पहिली डबी बर्फावर, दुसरी साध्या तापमानाला. वासरू अजून असेल तर त्याच्या चौथ्या पोटातला द्रव निर्जंतुक सिरिंजने ३ ते ५ मिली, शिवाय फुप्फुस आणि प्लीहेचा तुकडा. ब्रुसेला सापडण्यासाठी पोटातला द्रव फार चांगला नमुना आहे, कारण त्यात बाहेरची घाण मिसळलेली नसते. हे काम डॉक्टरांनाच करू द्या. वासरू गोठ्याच्या दारात चिरू नका.

गाईचं रक्त ८ ते १० मिली, साध्या नळीत, गोठू न देणारं औषध नसलेल्या. नळी तिरकी ठेवून साकळू द्या, वर आलेलं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, वेगळं काढा आणि मग गार करा. अख्खं रक्त बर्फात गोठवलं तर पेशी फुटून सीरम लाल होतं आणि चाचणी वाचता येत नाही.

पहिली रक्तचाचणी ‘रोज बेंगाल’ नावाची. सीरम आणि गुलाबी अँटीजेन (मेलेल्या ब्रुसेला जंतूंचं द्रावण) प्रत्येकी ३० मायक्रोलिटर पांढऱ्या टाइलवर मिसळायचं, ४ मिनिटं हलवत राहायचं, दाणे धरले की पॉझिटिव्ह. दोन्ही द्रव आधी खोलीच्या तापमानाला आलेले हवेत. फ्रिजमधून काढून लगेच केली तर कमी धरते. आणि हे नीट लक्षात ठेवा: गर्भपातानंतर लगेचची चाचणी निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं नाही. प्रतिपिंडं तयार व्हायला वेळ लागतो. ३ ते ४ आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या. पॉझिटिव्ह आली तर एलायझा या दुसऱ्या रक्तचाचणीने पक्कं करून घ्या.

नमुने तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात जातात. सोबतच्या पत्रात गर्भपाताचा महिना, लसीकरणाचा इतिहास, कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक आणि चाऱ्यातला बदल नक्की लिहा. स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरून रंगवलेल्या नमुन्यात, लाल दिसणारा जंतू ब्रुसेला, कॉक्सिएला किंवा क्लॅमिडिया यांपैकी कुठलाही असू शकतो. इतिहास असला की पुढची पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) कशासाठी लावायची ते ठरवता येतं.

कालवड_संगोपन:

निदानाची वाट न बघता गोठ्याची सफाई आजच करा. वासरू, वार आणि भिजलेली वैरण एकत्र, माणसाच्या उंचीएवढ्या खड्ड्यात, खाली-वर चुना टाकून, वर काटे आणि दगड, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकलेली वार कुत्रं ओढून शेजारच्या गोठ्यात नेतं, रोग असाच वाडीभर फिरतो. हा जंतू सावलीत, ओलसर जागी महिनोन्महिने जगतो. कडक उन्हात काही तासांत मरतो. त्यामुळे जागा कोरडी करा, ऊन येऊ द्या.

जागा आधी खरवडून शेण-माती काढा, मगच औषध. शेणावर ओतलेलं औषध शेणातच संपतं. १० लिटर पाण्यात २ किलो ताजा चुना विरवून, किंवा २०० ते ३०० ग्रॅम कॉस्टिक सोडा, आणि तासभर तसंच राहू द्या. कॉस्टिकने कातडी भाजते, तेव्हा मोजे घालून, सोडा पाण्यात टाका, पाणी सोड्यावर नको. नंतर भरपूर पाण्याने धुवा आणि मगच जनावर परत आणा. गाय स्राव थांबेपर्यंत, निदान महिनाभर, वेगळी बांधा. तिची बादली, दावं, खराटा वेगळा. तिचं काम सगळ्यात शेवटी.

गव्हाण_श्रीरामपूर:

सगळ्यांचे आभार. वेगळी बांधली आहे, डॉक्टर दुपारी येणार आहेत. आणखी तीन गोष्टी सांगा. बाकीच्या चौघींना लगेच लस टोचून घेऊ का? गाभडलेल्या गाईचं दूध डेअरीला घालायचं की नाही? आणि ही गाय पुढच्या वेळी नीट व्याली तर बरी झाली असं धरायचं का?

पशुवैद्यक_माळेगाव:

लस सरसकट नको. आपल्याकडे मिळते ती एस-१९, जिवंत जंतूची. ती फक्त ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना, कातडीखाली २ मिली, आयुष्यात एकदाच. तुमच्या चौघींपैकी फक्त सहा महिन्यांची कालवड त्यात बसते. तिला जरूर टोचा. राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात २०१९ पासून ही लस मोफत आहे. गाभण गाईला दिली तर लसच गर्भपात करू शकते. चौदा महिन्यांच्या कालवडीला दिली तर प्रतिपिंडं दीर्घकाळ रक्तात राहतात आणि पुढची प्रत्येक चाचणी गोंधळात टाकते. वळूला किंवा गोऱ्ह्याला कधीच नाही, वृषणाला दाह होतो. लस रोग बरा करत नाही. जनावर आधीच बाधित असेल तर तिचा उपयोग नाही. लस २ ते ८ अंश तापमानात आली का, हे बाटली हातात घेऊन विचारा. उन्हात तापलेल्या बाटलीत जंतू मेलेला असतो आणि टोचल्याचं फक्त समाधान मिळतं.

पुढच्या वेळी नीट व्याली तर बरी झाली, या समजुतीने आजवर सगळ्यात जास्त नुकसान केलं आहे. ब्रुसेलाची बहुतेक गाय एकदाच गाभडते. नंतरची वेतं दिवस भरून होतात, वासरू जिवंत असतं आणि मालक निर्धास्त होतो. पण जंतू कासेत आणि कासेवरच्या लसीकाग्रंथींत बसून राहतो. गाय पुन्हा गाभण राहिली की तो परत वारेत जातो. गाईच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची एक साखर भरपूर असते, ती या जंतूला फार मानवते, म्हणून तो तिथेच भराभर वाढतो. वेत साधं झालं तरी गर्भजल, वार आणि पुढच्या काही आठवड्यांच्या स्रावातून तो बाहेर पडतोच. बाधित गाईची काही कालवडंही पोटातूनच जंतू घेऊन येतात आणि पहिल्या वेतापर्यंत चाचणीत निगेटिव्ह राहतात. तेव्हा पॉझिटिव्ह गाईची कालवड पुढे विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनीही हे जाणून असावं.

गाईंत यावर भरवशाचा उपचार नाही. काही महिने औषध देऊनही जंतू पेशींच्या आत टिकतो. पॉझिटिव्ह ठरली तर कायमची वेगळी ठेवणं, तिला वळू न लावणं, दूध उकळूनच वापरणं आणि ती बाजारात न नेणं, एवढंच हातात उरतं. २००९ च्या केंद्रीय कायद्यात हा अधिसूचित रोग आहे. कळवणं बंधनकारक आहे आणि बाधित जनावर बाजारात आणायला मनाई आहे. मालकाचं नुकसान मोठं आहे, हे मान्य. पण अशी गाय गुपचूप विकली की घेणाऱ्याचा सगळा गोठा जातो.

प्रयोगशाळेतून:

दुधाबद्दल एक भर. संकलन केंद्रावर मिल्क रिंग चाचणी करून घेता येते: १ मिली दूध, रंगीत अँटीजेनचा एक थेंब, ३७ अंशांवर तासभर. वरच्या सायीला निळं-जांभळं कडं आलं की पॉझिटिव्ह. गोठ्याच्या एकत्र दुधावर चाळणी म्हणून ही स्वस्त आणि चांगली आहे. पण चिकाचं दूध, आटत आलेल्या गाईचं दूध आणि स्तनदाहाचं दूध खोटी पॉझिटिव्ह देतं. उकळलेलं, गोठवलेलं किंवा कॅनमध्ये खूप हिंदकळलेलं दूध चालत नाही. हिंदकळल्याने साय फुटते आणि कडं धरत नाही. एका गाईचा निकाल यावरून ठरवू नका, त्यासाठी रक्तच.

निकाल येईपर्यंत या गाईचं दूध डेअरीला घालू नका. प्रतिजैविक सुरू झालं तर त्याचा मुदतकाळ, म्हणजे औषधाचा अंश जाईपर्यंत दूध न घालण्याचे दिवस, वेगळा पाळावा लागेल.

तापाचे_डॉक्टर:

इथे जनावरांची चर्चा चालू आहे, तरी माणसांचं सांगणं भाग आहे. काल वासरू ओढायला, जागा धुवायला जे जे होते त्यांची नावं आजच लिहून ठेवा. हातावर ओरखडे असतील, डोळ्यात शिंतोडे गेले असतील किंवा उघड्या हाताने वार धरली असेल, तर ताप यायची वाट न बघता डॉक्टरांना भेटा. प्रतिबंधक औषध द्यायचं की नाही ते जोखीम बघून ठरतं. घरात कुणी गरोदर असेल तर तिने त्या गाईजवळ जायचंच नाही. माणसाच्या गरोदरपणातही या जंतूने गर्भपात होतो.

लक्षणं साधारण एक ते चार आठवड्यांत, कधी दोन महिन्यांनीही दिसतात: संध्याकाळी चढणारा ताप, रात्री अंथरूण भिजवणारा घाम, कंबर आणि सांधे दुखणं, पुरुषांत वृषणाला सूज. ताप येतो-जातो, त्यामुळे टायफॉइड समजून पाच-सात दिवसांच्या गोळ्या दिल्या जातात. तात्पुरतं बरं वाटतं आणि पुन्हा उलटतं. म्हणून डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिलं वाक्य हेच बोला: घरची गाय गाभडली आहे. रक्ताचं कल्चर प्रतिजैविक सुरू होण्याआधी घ्यायला सांगा आणि प्रयोगशाळेला ब्रुसेलाचा संशय आहे हे आधी कळवायला सांगा. एक तर तिथे जास्त दिवस वाट बघावी लागते, आणि दुसरं म्हणजे तिथल्या कर्मचाऱ्यांनाही हा जंतू श्वासातून लागतो. नेहमीचा उपचार म्हणजे डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा पूर्ण सहा आठवडे, जोडीला रिफॅम्पिसिन किंवा सुरुवातीचे दोन-तीन आठवडे स्ट्रेप्टोमायसिन. दोन आठवड्यांत ताप जातो आणि लोक गोळ्या सोडतात, तिथेच रोग परततो.

लस टोचणाऱ्यांसाठीही हेच. एस-१९ ची सुई बोटात गेली तर ती किरकोळ जखम नाही, त्याच दिवशी दवाखाना.

धारोष्ण दूध आणि कच्चा चीक सध्या पूर्ण बंद. नीट उकळी आलेलं दूध सुरक्षित आहे. पूर्ण शिजलेला खरवसही चालतो, पण या गाईचा मुळीच नको, तिला औषध सुरू करावं लागलेलं असू शकतं.

कालवड_संगोपन:

आठ महिन्यांच्या गाभण गाईचं कुणी बोललं नाही, आणि माझ्या मते उद्याचा धोका तिथेच आहे. ती कालच्या स्रावाच्या शेजारी होती. संसर्ग झाला असेल तर तीही दिवस भरण्याआधी टाकू शकते, किंवा नीट विऊन जंतू सोडू शकते. आजच तिला वेगळ्या, सावलीच्या, धुवून काढता येईल अशा जागी हलवा आणि तिथेच विऊ द्या. खाली भरपूर पाचट घाला, म्हणजे गर्भजल जमिनीत मुरण्याआधी उचलता येतं. मोजे, चुना आणि खड्डा आधीच तयार ठेवा. वार पडली की लगेच उचला, गाईला खाऊ देऊ नका, कुत्र्याला पोचू देऊ नका.

दोन्ही गाभण गाईंचं रक्त आत्ता द्या. निगेटिव्ह आल्या तरी विल्यावर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा द्या. गाभणपणी लपलेला संसर्ग बहुतेक वेळा तेव्हाच उघड होतो. चौदा महिन्यांची कालवड माजावर आली तरी गोठ्याचे निकाल हातात येईपर्यंत भरवू नका, म्हणजे गाभण घालू नका, आणि भरवायची तेव्हा तपासलेल्या वळूचं, मान्यताप्राप्त केंद्राचं रेतच. गावच्या वळूच्या वृषणात हा जंतू असू शकतो. आणि गाभडलेली गाय कशाने गाभडली ते ठरेपर्यंत तिला भरवण्याचा विषयच काढू नका.

गव्हाण_श्रीरामपूर:

डॉक्टर येऊन गेले. दोन डब्या, पोटातला द्रव आणि पाचही जनावरांचं रक्त घेतलं, उद्या पुण्याला जाईल. आठ महिन्यांची गाय वैरणीच्या शेडमध्ये हलवली. ताप १०२.४.

पशुवैद्यक_माळेगाव:

ताप ठीक आहे, पण पुढचे दहा दिवस दोन्ही वेळा बघत राहा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वास वाढेल, तो वार सडत असल्याचा. गाय खात असेल आणि ताप नसेल तर त्याला घाबरून कुणाला हात घालायला बोलावू नका. रोज बेंगालचा निकाल आधी येईल, कल्चरला जास्त वेळ लागतो. पहिला निकाल निगेटिव्ह आला तरी दुसऱ्या रक्ताची तारीख आत्ताच वहीत लिहून ठेवा. मधल्या काळात आणखी कुठली गाभडली तर १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकाला फोन करा आणि वार त्यांच्या समोरच उचला.